बूड टेकेल तिथे वायफाय: नाशिकच्या दुकानदारासाठी हॉटस्पॉटच्या कमाईचं गणित

अंबड एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की तासाभरात माझ्या झेरॉक्सच्या दुकानासमोरचा सिमेंटचा कट्टा भरतो. दहा-बारा पोरं. कुणाच्या हातात चहा, कुणाच्या वडापाव, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात फोन. दिवसाचा दीड जीबी डेटा सकाळी बसमध्येच संपलेला असतो. यातली निम्मी पोरं आता माझ्याकडून आठवड्याचं वायफाय घेतात. पण पहिल्या दोन महिन्यांत माझी वायफायची कमाई किती होती माहितीय? एका महिन्यात एकशे दहा रुपये आणि दुसऱ्या महिन्यात नव्वद.

चूक सरळ होती. मी राउटर दुकानाच्या दर्शनी बाजूला, रस्त्याकडे तोंड करून टांगला होता. रस्त्यावर दिवसभर हजारो माणसं, म्हणजे हजारो गिऱ्हाइकं, असा माझा हिशेब. पण जाणारा माणूस वायफाय विकत घेत नाही. जो बसतो, थांबतो, झोपतो, वाट बघतो, तोच घेतो. राउटर काढून मागच्या भिंतीवर, कामगारांच्या खोल्यांच्या बाजूला लावला आणि तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा लाइनचं बिल वायफायच्याच पैशांतून भरलं. पुढचं सगळं या एका धड्याभोवती फिरतं.

ही भानगड नेमकी काय आहे

सार्वजनिक वायफाय विकायची जी सरकारी चौकट आहे तिचं नाव पीएम-वाणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ९ डिसेंबर २०२० रोजी मंजुरी दिली. आपल्याकडे किराणा दुकानदाराला वाणी म्हणतात, आणि योगायोग असा की योजनेच्या डोळ्यांसमोरही तोच होता: कोपऱ्यावरचा किराणावाला, चहाची टपरी, झेरॉक्सवाला.

यात चार पात्रं आहेत. दुकानात राउटर ठेवून वायफाय विकणारा तो पीडीओ, म्हणजे तुम्ही. असे शेकडो पीडीओ एकत्र बांधून त्यांचं लॉगिन, ओटीपी, पैशाचा हिशेब आणि नोंदी सांभाळणारा तो पीडीओए. बोलताना आपण त्याला अ‍ॅग्रिगेटर म्हणू. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये जवळचे हॉटस्पॉट दाखवणारा अ‍ॅप पुरवठादार तिसरा. आणि या सगळ्यांची मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही सरकारी संस्था सांभाळते.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की पीडीओला दूरसंचार विभागाचा परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, फी लागत नाही. नोंदणी अ‍ॅग्रिगेटर आणि अ‍ॅप पुरवठादाराने करायची असते. त्यामुळे ‘लायसन काढून देतो, पाच हजार द्या’ म्हणणारा कुणी दुकानात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आणि घरचं ब्रॉडबँड पासवर्ड सांगून शेजाऱ्यापाजाऱ्यांना महिना शंभर रुपयांनी वाटायचं, हा जो प्रकार गल्लोगल्ली चालतो, तो करू नका. कंपनीच्या करारात ते बसत नाही, आणि उद्या तुमच्या लाइनवरून कुणी ऑनलाइन फसवणूक केली तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील. कोण कधी जोडलेला होता याची नोंद तुमच्याकडे नसेल तर सांगणार काय?

लाइन घेताना

वायफायच्या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च लाइनचा. या योजनेचं गाडं बरीच वर्षं इथेच रुतलं होतं. पीडीओ म्हटलं की कंपन्या लीज्ड लाइन, म्हणजे एकाच गिऱ्हाइकासाठी राखीव लाइन, घ्या म्हणायच्या, आणि तिचा दर साध्या फायबरच्या कित्येक पट. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. २०१८च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणात २०२२ पर्यंत १ कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं स्वप्न होतं. प्रत्यक्षात गाडी काही लाखांवर अडकली, त्यात या दराचा वाटा मोठा.

१६ जून २०२५ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, दर आदेशात ७१वी दुरुस्ती केली आणि हा पेच सोडवला. घरगुती फायबर देणाऱ्या कंपन्यांनी २०० एमबीपीएसपर्यंतचे आपले सगळे घरगुती प्लॅन पीडीओलाही द्यायचे, आणि दर त्याच वेगाच्या घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. घरी ७०० रुपयांना मिळणारा प्लॅन तुम्हाला जास्तीत जास्त १४०० ला, वर जीएसटी.

व्यवहारात मात्र लाइन विकायला येणाऱ्या पोराला याची गंधवार्ता नसते. मला एकाने तोंडावर सांगितलं, ‘असं काही नसतं काका, दुकानाला कमर्शियलच घ्यावं लागतं.’ वाद घालू नका. कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा, त्यात ‘मी पीएम-वाणी अंतर्गत पीडीओ आहे, माझा अ‍ॅग्रिगेटर अमुक’ असं लिहा आणि ट्रायच्या आदेशाची तारीख टाका. तोंडी बोलण्याला दहा दिवस लागतात तिथे लेखी अर्जाला तीन लागतात, हा माझा अनुभव. म्हणजे आधी अ‍ॅग्रिगेटर पक्का करायचा, लाइन नंतर.

प्लॅन निवडताना ‘अनलिमिटेड’ या शब्दावर जाऊ नका. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरांत असते, त्यानंतर वेग रांगायला लागतो. ३३०० म्हणजे दिवसाला ११० जीबी. घरासाठी ते संपता संपत नाही. पण पन्नास पोरं रोज दोन-दोन जीबी ओढायला लागली की तुम्ही काठावर आलात. महिन्याच्या २५ तारखेला लाइन बसली तर शिव्या तुम्हाला पडतात, कंपनीला नाही.

अ‍ॅग्रिगेटरला विचारायचे प्रश्न

इथे लोक सर्वात घाई करतात. ‘ऐंशी टक्के तुमचे’ असं ऐकलं की सही. मी पण तेच केलं. नंतर कळलं की जमा रक्कम हजाराच्या वर गेल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, आणि पहिले दोन महिने माझे दोनशे रुपये तिथेच बसून राहिले. घी देखा लेकिन बडगा नहीं देखा.

तेव्हा विचारा: वाटा जीएसटी वजा करून काढता की आधी? पैसे किती दिवसांनी आणि किमान किती झाल्यावर येतात? दर मी ठरवायचे की तुम्ही? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. दर ठरवायची मोकळीक नसेल तर कमाई वाढवायचं निम्मं शस्त्र तुमच्या हातातून गेलं. माझ्या मते साठ टक्के वाटा आणि दराची मोकळीक हे, ऐंशी टक्के आणि बांधलेले दर यापेक्षा बरं.

राउटर त्यांचाच घ्यावा लागतो का, आणि करार मोडल्यावर तो दुसऱ्या अ‍ॅग्रिगेटरकडे चालतो का, तेही विचारून घ्या. लॉगिनचं पान मराठीत आणि हिंदीत दिसतं का, ते स्वतःच्या फोनवर बघा. अंबड-सातपूरकडे हिंदी हवंच. निम्मे कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे. आणि रात्री नऊ वाजता ओटीपी येत नसेल तर फोन कोण उचलतो? सही करण्याआधी एकदा रात्री नऊलाच फोन लावून बघा.

जागा: इथे वेळ घालवा

राउटर घ्यायच्या आधी एक वही घ्या. सात दिवस, रोज तीन वेळा, सकाळी अकरा, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊला, दुकानाच्या पन्नास-साठ फुटांत किती माणसं वीस मिनिटांहून जास्त टेकलेली आहेत ते मोजा. येणारे-जाणारे नाही, टेकलेले. त्याच वेळी तुमच्या फोनच्या सिमवर वेग तपासा. रात्री नऊला मोबाइलचा डेटाच धो धो चालत असेल आणि परिसरात सगळ्यांकडे अमर्याद फाइव्ह-जी असेल, तर तिथे वायफाय विकायला बसणं म्हणजे रामकुंडावर पाण्याच्या बाटल्या विकणं. जुलै २०२४ मध्ये मोबाइलचे दर वाढले तेव्हापासून स्वस्त रिचार्जवाल्यांना दिवसाचा डेटा पुरवून पुरवून वापरावा लागतो. आपलं गिऱ्हाईक तेच.

नाशिकमध्ये बूड टेकायच्या जागा कुठल्या, यावर मी बराच फिरलो आहे. एकेक सांगतो.

कामगारांच्या खोल्या. अंबड, सातपूर, चुंचाळे. एका खोलीत चार-पाच जण, पत्र्याचं छप्पर, आत सिग्नल अर्धा. कुणीच स्वतःच्या नावावर फायबर घेत नाही, कारण सहा महिन्यांनी खोली बदलायची असते. हे आठवड्याच्या पॅकचं सर्वोत्तम गिऱ्हाईक. रात्री गावाकडे व्हिडिओ कॉल, नंतर सिनेमा. मागणी रात्री आठ ते साडेअकरा, म्हणजे तुमचं दुकान बंद झाल्यावर. वायफायला शटर नसतं, हीच त्यातली मजा.

अभ्यासिका. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या पट्ट्यात आणि आता शहरभर. बऱ्याच तळघरात किंवा आतल्या खोलीत, जिथे मोबाइलची रेंज मेलेली. पोरं बारा-बारा तास बसतात, व्याख्यानं बघतात, पीडीएफ उतरवतात. इथे एकेका पोराला विकू नका. मालकाशी बोला: त्याने महिन्याची व्हाउचरं एकगठ्ठा घ्यावीत आणि फीमध्ये धरावीत. त्याला ‘वायफाय सहित’ अशी पाटी लावता येते, तुम्हाला महिन्याच्या पहिल्या तारखेला एकरकमी पैसे येतात.

त्र्यंबकेश्वर. नारायण नागबळीसाठी येणाऱ्या घरांना तीन दिवस मुक्काम करावाच लागतो, कारण विधीच तीन दिवसांचा. तिथल्या लॉजखालच्या दुकानदाराने ‘तीन दिवसांचं कुटुंब पॅक, चार फोन’ असा एकच पॅक ठेवावा. चोवीस तासांचे आणि आठवड्याचे पॅक तिथे नुसते गोंधळ घालतील.

लासलगाव-पिंपळगावचे बाजार. कांद्याच्या हंगामात लिलावाआधी रात्रभर ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा. ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा, हातात फोन. बाजार समितीच्या गेटसमोर चहाची टपरी असेल तर हंगामी का होईना पण चांगली जागा.

सरकारी दवाखान्याबाहेर थांबलेले नातेवाईक हे पण बसलेलं गिऱ्हाईक आहे. तिथे मात्र दर हलका ठेवा. रात्री दोन वाजता गावाकडे बातमी कळवायला आलेल्या माणसाकडून पंचवीस रुपये काढून आपण काही बंगला बांधणार नाही.

आणि जिथे जाऊ नये ती जागा म्हणजे नाशिकरोड स्टेशनचा परिसर. फलाटावर रेलटेलचं वायफाय अर्धा तास फुकट मिळतं. फुकटाशी स्पर्धा नको.

राउटर कुठे आणि कसा

उंची आठ ते दहा फूट, लोखंडी शटर आणि पत्र्यापासून लांब, आणि गिऱ्हाइकाकडे मोकळी नजर. एवढं जमलं की निम्म्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फुटी असतात. तिथे एक दमदार राउटर लावून उपयोग नाही, दोन मजल्यांवर दोन छोटे लावा आणि मधे केबल ओढा. केबल कॅट-६, आणि एका ओढीत शंभर मीटरच्या आत.

आता सेटिंग. हे कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं आहे. २.४ गिगाहर्ट्झची लाट भिंतीतून लांब जाते पण गर्दीने भरलेली असते. ५ गिगाहर्ट्झ जवळच्यांना वेगवान. दोन्ही चालू ठेवा. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक, कारण एवढेच तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं कुठलंही अ‍ॅप टाका, शेजारचे राउटर कुठल्या चॅनलवर बसलेत ते बघा आणि कमी गर्दीचा घ्या. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. ४० केली की कागदावर वेग दुप्पट आणि गर्दीत प्रत्यक्षात निम्मा.

एक गोष्ट मला कळायला चार महिने लागले. शनिवारी संध्याकाळी अचानक नवीन फोन जोडलेच जायचे नाहीत. ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ असं दाखवत फिरत बसायचे. लाइन ठीक, वीज ठीक. शेवटी कळलं की राउटरकडे वाटायला अडीचशेच्या आसपास पत्ते होते, आणि एकदा दिलेला पत्ता तो चोवीस तास परत घेत नव्हता. दिवसभरात आत डोकावून गेलेल्या प्रत्येक फोनने एकेक पत्ता अडवून ठेवलेला. लीज टाइम नावाचं खातं असतं, ते चोवीस तासांवरून एक तासावर आणलं आणि तक्रार बंद. तुमच्या राउटरमध्ये ते आजच बघून घ्या, किंवा अ‍ॅग्रिगेटरच्या माणसाला सांगा.

दुसरं, क्लायंट आयसोलेशन चालू करा, म्हणजे एका गिऱ्हाइकाच्या फोनला दुसऱ्याचा फोन दिसणार नाही. तुमच्या दुकानाचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि सीसीटीव्ही मात्र वेगळ्या नेटवर्कवर ठेवा. गिऱ्हाइकांच्या जाळ्यात स्वतःचा गल्ला टांगू नका.

तिसरं, माणशी वेगाला लगाम. १०० एमबीपीएसच्या लाइनवर मी माणशी ६ ची मर्यादा ठेवली आहे. व्हिडिओ नीट चालतो, व्हिडिओ कॉल तुटत नाही, आणि एक जण गेम उतरवत बसला म्हणून बाकीचे उपाशी राहत नाहीत. लगाम नसेल तर एकटा पठ्ठ्या सगळी लाइन पितो आणि उरलेले एकोणीस जण पुढच्या आठवड्याचा पॅक घेत नाहीत. वेगाचे आकडे पाटीवर मिरवायचा मोह होतो, पण आमच्या पोरांनी मला कधीच ‘किती एमबीपीएस’ विचारलेलं नाही. ते विचारतात, ‘काका, रात्री अडकतं का?’

दर कसे लावायचे

ही योजना आखली जात होती तेव्हा दोन रुपयांच्या पुडीची चर्चा होती, शाम्पूच्या पुडीसारखी. माझं मत स्पष्ट आहे: पुडीने पोट भरत नाही. दोन रुपयांच्या गिऱ्हाइकालाही ओटीपी लागतो, त्यालाही ‘कनेक्ट होत नाही’ म्हणून समजवावं लागतं, आणि तुमची पाच मिनिटं जातात. पुडी ठेवायचीच तर चव दाखवण्यापुरती. मी नव्या फोनला पंधरा मिनिटं फुकट देतो. आवळा देऊन कोहळा काढायचा.

पॅक तीनच ठेवा. माझ्याकडे दिवसाचा दहा रुपयांना, आठवड्याचा चाळीसला आणि महिन्याचा एकशे चाळीसला. सात दिवसांचे सत्तर होतात, तिथे आठवड्याचा चाळीसला. गिऱ्हाईक मनातल्या मनात हिशेब करतं आणि आठवड्यावर येतं. महिन्याचा मुद्दाम फार स्वस्त केलेला नाही. पगार सातला की दहाला, यावर कामगारांचा महिना चालतो. एकदम एकशे चाळीस काढणं अनेकांना जड जातं, चाळीस मात्र चहा-नाश्त्यात बसतात. अभ्यासिकेच्या पोरांचं उलटं. घरून पैसे महिन्याला येतात, तिथे महिन्याचाच पॅक पुढे करा.

जीबीची मर्यादा ठेवा, पण सैल. ६ एमबीपीएसने सलग एक तास व्हिडिओ ओढला तर सव्वादोन ते पावणेतीन जीबी जातात, हे गणित लक्षात घेऊन दिवसाला तीन जीबी ठेवले आहेत. मर्यादा संपल्यावर जोडणी तोडू नका, वेग १ वर आणा. व्हॉट्सअ‍ॅप चालू राहतं आणि माणूस रागावत नाही.

आठवड्याचा पॅक कधी संपवायचा? सोमवारी सकाळी संपणारा पॅक सोमवारी विकला जात नाही, कारण पोरगं कामावर असतं. शनिवारी संध्याकाळी घेतलेला पुढच्या शनिवारी संध्याकाळी संपतो, तेव्हा खिशात सुट्टे आणि पुढे रविवार. म्हणून इतर वारी घेणाऱ्याला एक दिवस जास्तीचा द्या. दोन महिन्यांत माझी बहुतेक गिऱ्हाइकं आपोआप शनिवारवर सरकली.

आता हिशेब मांडू. आकडे माझ्यासारख्या एका दुकानाचे, गोल केलेले. चाळीस रुपयांचे आठवड्याचे पॅक घेणारे ३५ जण, चार आठवडे: ५६०० रुपये. दिवसाचे पॅक रोज सरासरी ८, महिन्याचे २४००. एकूण ८०००. त्यातून १८ टक्के जीएसटी बाजूला केला तर साधारण ६७८० उरतात, आणि ७० टक्के वाटा म्हणजे ४७४५. खर्चात लाइन जीएसटीसह १६५२, वीज १३०, आणि नऊ हजारांचं सामान तीन वर्षांवर वाटून महिना २५०. खर्च २०३२. हातात २७१० च्या आसपास.

आता हेच गणित आठवड्याची गिऱ्हाइकं ३५ ऐवजी १० धरून करा. विक्री ४०००, वाटा २३७०, खर्च तेवढाच, हातात साडेतीनशेसुद्धा नाहीत. दिवसाची विक्री जशीच्या तशी ठेवूनही. म्हणजे नवीन गिऱ्हाईक ओढायला धावण्यापेक्षा शनिवारी कोण परत आला नाही ते बघा. माझ्या वहीत दर रविवारी एकच ओळ असते: किती संपले, किती परत आले.

वायफायच्या आजूबाजूचे पैसे

सत्तावीसशे रुपयांत कुणी श्रीमंत होत नाही, हे मला कळतं. पण वायफायवर बसलेलं पोरगं दुकानासमोर बसलेलं असतं. पगारपत्रकाची प्रिंट, आधारची झेरॉक्स, आयटीआयचे आणि भरतीचे ऑनलाइन फॉर्म, रेल्वेचं तिकीट. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेच्या दिवसांत तर हॉलतिकिटांनीच प्रिंटर गरम होतो. लॉगिनच्या पानावर स्वतःच्या दुकानाची जाहिरात टाकता येत असेल तर टाका: ‘फोनवरून प्रिंट, पान तीन रुपये, फाइल इथे पाठवा.’ एका ओळीने माझी रंगीत प्रिंटची विक्री डोळ्यांत भरण्याइतकी वाढली.

शेजारच्या मिसळवाल्याची किंवा सलूनची छोटी जाहिरातही तिथे बसते. महिना दोनशे रुपये घ्या आणि आधी त्याला पंधरा दिवस फुकट दाखवा. कट्ट्यावर चार्जिंगचे दोन पॉइंट काढा. त्याचे पैसे घेऊ नका. ज्याचा फोन चार्ज होतोय तो चाळीस मिनिटं हलत नाही.

फुकट बसणाऱ्यांनी कट्टा अडवला म्हणून मी एकदा ओरडलो होतो. दुसऱ्या दिवशी कट्टा रिकामा आणि चहावाल्याचा माझ्याशी अबोला. तो कट्टा त्याच्याही धंद्याचा होता. परत कधी ओरडलो नाही.

बिघाड आणि भानगडी

वीज जाते. राउटर आणि फायबरची डबी मिळून पंधरा-वीस वॅट खातात, त्यासाठी मोठा इन्व्हर्टर नको. बारा व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस दोन-तीन तास काढतो. सगळीकडे अंधार असताना तुमचं वायफाय चालू राहतं, आणि त्या दोन तासांत जेवढे नवे पॅक जातात तेवढे एरवी आठवड्यात जात नाहीत.

पावसाळ्यात बाहेरच्या राउटरमध्ये पाणी शिरतं ते केबलच्या वाटेने. केबल आत जाण्याआधी खाली एक वेलांटी सोडा, पाणी तिथून ठिबकतं. आभाळ भरून आलं की, वीज कडाडायच्या आधीच, बाहेरच्या राउटरची केबल काढून ठेवा; मी एकदा आळस केला आणि सकाळी राउटर आणि बिलिंगचा कॉम्प्युटर दोन्ही गेले.

संक्रांत. येवल्यात तीन दिवस पतंग, आणि इकडे शहरातही काही कमी नाही. खांबावरून लोंबणाऱ्या फायबरला मांजा अडकतो, पोरं खालून हिसडा मारतात आणि लाइन तुटते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लाइनवाल्याला बोलवून केबल ताणून भिंतीला क्लिप मारून घ्या. ऐन संक्रांतीला त्याला दहा ठिकाणांहून बोलावणं असतं.

ओटीपीशिवाय कुणालाही जोडू नका, ओळखीच्यालाही नाही. ‘काका, पासवर्ड सांगा ना फक्त’ याला हसून नकार. आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर वहीत उतरवून जाहिरातीचे मेसेज पाठवायचा उद्योग करू नका. नोंदी ठेवणं अ‍ॅग्रिगेटरचं काम आहे, त्याच्याकडेच राहू द्या. उलाढाल वाढली तर जीएसटीची वीस लाखांची मर्यादा दुकानाची सगळी विक्री आणि सेवा मिळून मोजली जाते, तेव्हा वर्षातून एकदा सीएला वही दाखवा.

सिंहस्थाच्या आधी

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि मोठी स्नानं २०२७ मध्ये: २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट, मग नाशिकला ११ आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबर. पर्वणीच्या दिवशी मोबाइलचे मनोरे गुदमरतात, हे २०१५ ला ज्यांनी रामकुंडाकडून घरी फोन लावायचा प्रयत्न केला त्यांना सांगायला नको. फायबरवर चालणारं वायफाय त्या दिवशी खरंच उपयोगी पडू शकतं.

पण ऐन पर्वणीला पंचवटीत नवीन लाइन टाकून मिळेल या भ्रमात राहू नका. रस्ते बंद, माणसं अडकलेली. ज्यांना तिथे धंदा करायचा आहे त्यांनी लाइन निदान सहा महिने आधी चालू करून घ्यावी आणि पावसाळ्याची सुरुवात तिच्यावर काढून बघावी. त्या दिवसांपुरता फक्त दिवसाचा पॅक ठेवा, माणशी वेग ६ वरून २ वर आणा, लीज टाइम अर्ध्या तासावर, आणि पाटी मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरांत. ओटीपीचा एसएमएस त्या गर्दीत वेळेवर येईलच असं नाही, म्हणून अ‍ॅग्रिगेटरकडून छापील व्हाउचरची सोय होते का आणि नोंद कशी घेतली जाईल, हे आधीच लेखी विचारून ठेवा. शिवाय एक जादा राउटर, सगळं सेटिंग करून, नाव-चॅनल सकट तयार, दुकानातल्या कपाटात. माझा आत्ताच तिथे ठेवलेला आहे, झेरॉक्सच्या कागदांच्या रिमाखाली, वर चिकटपट्टीवर लिहिलंय: ‘लावा आणि चालू करा.’